गच्चीवरच्या बजरीगरांचा वारस

मी, श्रीमती वेणूबाई संभाजी भालेराव, वय वर्षे सहासष्ट, टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार खराडी, पुणे, माझ्या पश्चात माझ्या घराचे, वस्तूंचे आणि पक्ष्यांचे काय व्हावे ते या कागदात लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याबद्दल डॉक्टर राधा पानसे यांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्यापूर्वी त्यांनी मला आजचा वार, महिना आणि पंतप्रधानांचे नाव विचारले. मी तिन्ही सांगितले आणि त्यांच्या दवाखान्यातले घड्याळ बारा मिनिटे मागे असल्याचेही सांगितले. त्यावर त्यांनी पुढे काही न विचारता सही केली.

हे मृत्युपत्र करण्यास मला कोणी भाग पाडलेले नाही. वकीलसाहेबांनी दीड पानाचा मसुदा करून दिला होता. त्यात माझी सर्व मालमत्ता बरोबर आली होती, पण ती वाचून कोण बाई मेली ते कळत नव्हते. म्हणून त्यातली कायद्याची वाक्ये ठेवून बाकीचे मी माझ्या हाताने लिहिले आहे. एवढे लिहिण्याची गरज नाही, असे वकीलसाहेबांचे मत आहे. अठ्ठावीस वर्षे मी दुसऱ्यांची बोलणी तीन-तीन मिनिटांनी तोडली. आता माझे मी सावकाश बोलणार आहे.

कलम १. दिनांक ९ जानेवारी २००६ रोजी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात माझा मुलगा संजय यास माझ्या मालमत्तेपैकी काहीही मिळू नये असे लिहिले होते. ते मृत्युपत्र मी या कागदाने रद्द करीत आहे. ते का केले आणि का फाडले, ते कलम ७ व ८ मध्ये आहे.

कलम २. कायद्याच्या दृष्टीने पक्षी ही जंगम मालमत्ता आहे, असे वकीलसाहेब सांगतात. म्हणजे खुर्ची, शेगडी आणि पक्षी एकाच वाक्यात येतात. मला ते मान्य नाही, पण कायदा माझ्या आधीपासून आहे. आज रोजी गच्चीवरच्या जाळीच्या खोलीत एकूण एकतीस बजरीगर आहेत. हिरवे तेरा, निळे नऊ, पिवळे सहा, पांढरे दोन आणि करडा एक. शिवाय दोन मडक्यांत मिळून सात अंडी आहेत. त्यांतून पिल्ले निघाल्यास आकडा वाढवून वाचावा.

बजरीगर म्हणजे मूळ ऑस्ट्रेलियातला, मुठीत मावेल एवढा पोपट. पुण्यात त्याला सर्रास लव्हबर्ड म्हणतात. लव्हबर्ड हा वेगळा पक्षी आहे. तो आफ्रिकेतला, आखूड शेपटीचा आणि भांडकुदळ. या मृत्युपत्राचे वाचन चालू असताना जो कोणी माझ्या पक्ष्यांना लव्हबर्ड म्हणेल, त्याला चहा देऊ नये.

कलम ३. मी १९६४ साली ट्रंक ऑपरेटर म्हणून खात्यात लागले. तेव्हा पुण्याहून कलकत्त्याला बोलायचे तर आधी नोंद करावी लागे, मग तास-दोन तास वाट पाहावी लागे, आणि नंतर आम्ही दोन्हीकडच्या तारा जोडून देत असू. १९७७ पासून दर गुरुवारी अकराच्या सुमारास शनिवार पेठेतून एक गृहस्थ कलकत्त्याचा नंबर मागत. इम्तियाज मोमीन, पिंजऱ्यांचे आणि पक्ष्यांचे दुकान. "ऑर्डिनरी द्या बाई, घाई नाही," असे म्हणणारा पुण्यात तेवढा एकच माणूस होता. पंधरा वर्षे मी त्यांना ओळखत होते, पण फक्त कानाने. लाइन नीट लागली की नाही हे पाहायला आम्हाला थोडे ऐकावे लागे. त्यामुळे कलकत्त्याहून किती हिरवे निघाले, किती निळे, आणि वाटेत किती दगावले, हे मला घरच्या बातमीसारखे कळत असे.

पुढे कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे पिवळे फलक लागले आणि लोक स्वतःच नंबर फिरवू लागले. १९९२ च्या जूनमध्ये आमचा बोर्ड बंद करायचे ठरले. शेवटच्या गुरुवारी मी त्यांना सांगितले, "इम्तियाजभाई, पुढच्या गुरुवारपासून नंबर आपणच फिरवायचा. मध्ये आम्ही नाही."

ते म्हणाले, "मग आपली नोकरी?"

"नोकरी आहे. चौकशीच्या टेबलावर बसवणार आहेत. नंबर सांगायचा आणि ठेवून द्यायचा. बोलणं असं नाही."

"तर मग एकदा दुकानावर या. बोलणारं काहीतरी देतो."

मी गेले. ते उंच, सडपातळ असतील अशी माझी कल्पना होती आणि मी जाडजूड असेन अशी त्यांची. आम्ही दोघेही चुकलो होतो. त्यांनी हिरव्या बजरीगरांची एक जोडी आणि बाजूला भोक पाडलेले एक मडके दिले. चोचीच्या वर नाकाशी निळे असेल तो नर, तपकिरी असेल ती मादी, एवढे शिकवले. पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "पंधरा वर्षांत मला कधी मध्येच तोडलं नाहीत."

इम्तियाजभाई आज सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. अर्ध्या दुकानात पिंजरे आणि अर्ध्यात त्यांच्या मुलाची, फैझलची, मोबाइलची कव्हरे आहेत. माझ्या मृत्यूनंतर त्यांनी गच्चीवर यावे आणि हवी ती जोडी निवडून न्यावी. त्यांची निवड झाल्याखेरीज पक्ष्यांबद्दलचे कलम ११ लागू होणार नाही. ते माझ्या आधी गेले असल्यास हा हक्क फैझलला जाईल. तो पक्ष्यांऐवजी रिकामा पिंजरा मागेल, द्यावा.

कलम ४. माझे पती, कालकथित संभाजी भालेराव, खडकीच्या कारखान्यात होते. माणूस सज्जन, पण बोलणे मोजके. जोडी घरी आणली त्या दिवशी त्यांनी पिंजऱ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "आता हे." त्या विषयावर त्यांचे तेवढेच.

पुढच्या फेब्रुवारीत त्या जोडीला पाच पिल्ले झाली. चार हिरवी आणि एक निळे. यांनी मडक्यात डोकावून पाहिले आणि मला विचारले, "हे कुणावर गेलं?" लग्नाला सत्तावीस वर्षे झाली होती. यांनी आपणहून मला काही विचारल्याची आठवण त्याआधीची मला नाही. मी इम्तियाजभाईंना फोन केला, आता मीही स्वतःच नंबर फिरवून. ते म्हणाले, "निळा दोघांच्याही पोटात असणार. एकाकडूनच आला तर दिसत नाही. दोघांकडून आला की बाहेर पडतो."

यांचा विश्वास बसला नाही. खात्री करून घेण्यासाठी यांनी दोनशे पानी वही आणली आणि प्रत्येक पक्ष्याचे आई-बाप, रंग, तारीख लिहू लागले. रोज कारखान्यातून आले की आधी गच्ची, मग चहा. पुढची पाच वर्षे आम्ही दोघे रोज संध्याकाळी वर बसून बोलत होतो. विषय पक्ष्यांचा असे, पण बोलत होतो. १९९८ साली ते गेले. मग मी ती वही पहिल्यापासून वाचली. मधून मधून माझ्याही नोंदी निघाल्या. "१२ मे. क्रमांक २३ ची पिल्ले बाहेर आली. वेणूचा गुडघा दुखतो. जिन्याला कठडा करणे." कठडा त्यांनी केला होता. कशासाठी ते मला सांगितले नव्हते.

ही वही माझी मुलगी कल्याणी हिला द्यावी. ती वाघोलीच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. आनुवंशिकतेचा धडा आला की वही घेऊन जाते आणि न विसरता परत आणून देते. या घरात वस्तू परत आणून देणारी ती एकटीच आहे. वहीसोबत माझ्या दोन पाटल्याही तिलाच.

कलम ५. खराडीची दीड गुंठा जागा मी १९८४ साली माझ्या पगारातून घेतली. ती स्वकष्टार्जित आहे आणि तिच्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. तेव्हा इथे ज्वारी होती. जागा पाहायला आलेली माझी नणंद सुंदराबाई सगळ्यांदेखत म्हणाली होती, "वहिनी, इथे कोल्हे येतात. माणसं येतील असं वाटत नाही." आता आमच्या गच्चीसमोर काचेच्या अकरा मजली इमारती आहेत. गच्चीवरची वेताची खुर्ची सुंदराबाईस द्यावी. आधी त्या खुर्चीत तिला अर्धा तास इथेच बसवावे आणि कोल्हे दिसतात का ते विचारावे.

घराची वाटणी कलम ९ मध्ये आहे. मधली कलमे वाचल्याशिवाय कोणी तिकडे जाऊ नये.

कलम ६. शेजारी हिंदुराव जाचक (आडनाव त्यांचे त्यांनाच मिळालेले आहे) हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त. १९९९ ते २००५ या काळात त्यांनी माझ्या पक्ष्यांच्या आवाजाविरुद्ध निरनिराळ्या कार्यालयांत चौदा अर्ज केले. प्रत्येकाची प्रत मला आणून दिली आणि मिळाल्याची सही घेतली. अर्जांची भाषा चांगली होती. एका अर्जात "कर्कश" हा शब्द नऊ वेळा आला होता. ते मी त्यांना दाखवले, तेव्हा पुढच्या अर्जात त्यांनी "कर्णकटू" वापरला. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असे वकीलसाहेब म्हणतात. म्हणून मी हिंदुरावांना मुद्दाम साक्षीदार केले आहे.

कलम ७. नोव्हेंबर २००५ मध्ये पित्ताशयातल्या खड्यांसाठी माझी शस्त्रक्रिया झाली. मी पाच दिवस दवाखान्यात होते. कल्याणी माझ्याजवळ होती. घर आणि पक्षी संजयकडे होते. संजय तेव्हा खराडीतल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि त्याची बायको सोनाली हिच्यासह जवळच्या टॉवरमध्ये सहाव्या मजल्यावर राहत होता. मी त्यांच्याकडे कायमचे यावे असे त्याला वाटे. त्या इमारतीत पक्षी चालत नाहीत, म्हणून मी जात नव्हते.

शुक्रवारी मला घरी आणले. रिक्षा फाटकाशी थांबली तेव्हाच मला कळले. बावन्न बजरीगर असलेल्या घरातून जो गलका येतो तो येत नव्हता.

"आई, मी त्यांना मोकळं सोडलं," संजय म्हणाला. "किती वर्षं कोंडून ठेवायचं? त्यांनाही आकाश आहे."

"कधी सोडलेस?"

"काल सकाळी. सातला."

"बाहेर कुठे दाणे टाकलेस?"

"त्यांचं ते शोधतील ना."

मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले. त्याला सांगितले की हे पक्षी कैक पिढ्या मडक्यात जन्मले आहेत. दाणे वाटीत असतात एवढेच त्यांना माहीत आहे. आणि पिवळा पक्षी कावळ्याला अर्ध्या मैलावरून दिसतो. संजय ऐकत होता. त्याचा चेहरा उतरला, पण तो परत म्हणाला, "मला वाटलं, त्यांना मोकळं बरं वाटेल."

मी इम्तियाजभाईंना फोन केला. ते तासाभरात आपल्या दुकानातले दोन भरलेले पिंजरे घेऊन रिक्षाने आले आणि ते गच्चीवर ठेवले. म्हणाले, "माणसाच्या हाकेला येणार नाहीत. आपल्या जातीचा आवाज ऐकला तर येतील." सोनाली ऑफिसातून आली. चूक कोणाची हे तिने विचारले नाही. तिने खराडीतल्या ओळखीच्या सगळ्या कंपन्यांत ई-मेल पाठवली. बावन्न पक्षी हरवले आहेत, रंग असे असे, दिसल्यास या नंबरवर कळवा. नंबर माझ्या घरचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन वाजू लागला. मला टाके होते, उठता येत नव्हते, पण फोन घेता येत होता. मी कागद-पेन्सिल घेऊन बसले.

"काकू, आमच्या आठव्या फ्लोअरच्या काचेवर एक ब्लू बर्ड बसलाय. तुमचाच का?"

"नाकाचा रंग बघा."

"नाक?"

"चोचीच्या वर. निळं आहे की तपकिरी?"

"होल्ड करा हं काकू, मीटिंगमध्ये आहे. बघून येतो."

असे पाच दिवस चालले. मी नाव, इमारत, मजला, रंग आणि वेळ लिहीत होते आणि संजयला पाठवत होते. तो स्कूटरवर पिंजरा बांधून एका फाटकावरून दुसऱ्या फाटकावर जात होता. पहारेकरी त्याला आत सोडत नसत. मग तो मला फोन करी, मी वर फोन करी, वरून कोणीतरी खाली येई. एक मादी एका कंपनीच्या कँटीनमध्ये भाताच्या परातीवर सापडली. एक नर कर्मचाऱ्यांच्या बसमध्ये शिरून वाघोलीपर्यंत गेला आणि त्याच बसने परत आला. खरे सांगायचे तर, त्या पाच दिवसांत कोणी मला मजा येते आहे का असे विचारले असते, तर मला खोटे बोलावे लागले असते.

रविवारी हिंदुराव जाचक दारात उभे राहिले. हातात दुरडी, वर टॉवेल बांधलेला.

"तीन आहेत," ते म्हणाले. "न्हाणीघरात शिरले होते. काल दिवसभर आमच्याकडे कोणी आंघोळ केली नाही."

मी आभार मानले.

"आवाजाची तक्रार कायम आहे," ते म्हणाले आणि गेले. पंधरावा अर्ज मात्र आला नाही.

एकूण सतरा परत मिळाले. पस्तीस गेले. समोरच्या लिंबाच्या झाडाखाली आठवडाभर पिसे सापडत होती. ती कल्याणीने गोळा केली, मी पाहू नयेत म्हणून.

"चुकलं" असे संजय मला तीन वेळा म्हणाला. प्रत्येक वेळी पुढे "मला वाटलं त्यांना मोकळं" हेही म्हणाला. ते मला पटत नव्हते. पक्षी जाणे मी सोसले असते. पण ट्रंक बोर्डावर अठ्ठावीस वर्षे बसलेल्या बाईला माणूस खरे बोलतो की नाही ते आवाजावरून कळते, आणि आकाशाबद्दल बोलताना संजयचा आवाज खरा नव्हता. जानेवारीत मी वकीलसाहेबांकडे जाऊन पहिले मृत्युपत्र केले. कोणाला सांगितले नाही. संजय दर रविवारी येई, खाली बसे, चहा पिऊन जाई. गच्चीवर तीन वर्षे गेला नाही.

कलम ८. जानेवारी २००९ मध्ये परदेशात बँका बुडालेल्या होत्या आणि खराडीत माणसे घरी जात होती. एका सोमवारी सकाळी नऊला संजय आला. इस्त्रीचे कपडे, पाठीला ऑफिसची बॅग, हातात डबा.

"आज सुट्टी?" मी विचारले.

"हो."

तो जिना चढून वर गेला. मंगळवारीही आला. बुधवारीही. मी काही विचारले नाही. तो जाळीच्या खोलीतले ट्रे खरवडून धुवी, पाणी बदली, राळे पाखडी, कोथिंबिरीच्या काड्या जाळीला बांधी. एकला डबा खाई, सहाला बॅग पाठीला लावून घरी जाई. कोणत्या मादीने कोणते मडके धरले आहे ते तो आठवड्यात ओळखू लागला. त्याच्या बापाला त्याला महिना लागला होता.

अकराव्या दिवशी तो सूप हातात घेऊन राळे पाखडत होता. मान वर न करता म्हणाला, "आई, नोकरी गेली."

"माहीत आहे."

"कसं?"

"सलग अकरा दिवस सुट्टी तुझ्या बापालाही मेल्यावरच मिळाली."

तो हसला नाही. म्हणाला, "अजून एक आहे. तेव्हा मी पक्षी मोकळे करायला सोडले नव्हते. त्याच दिवशी दुपारी बिल्डर घर बघायला येणार होता. तो म्हणाला, वरती ती घाण नको. मी मनाशी म्हटलं, पक्षी नसले की तूही आमच्याकडे येशील, आणि तू घरी येईपर्यंत सगळं ठरलेलं असेल. आकाशाचं मला नंतर सुचलं."

तो बोलत राहिला.

"दार उघडलं तर ते बाहेरच पडेनात. मी टॉवेल हलवून हाकलले. पहिली पिवळी निघाली ती समोरच्या लिंबावर बसली. लगेच दोन कावळे आले. त्यांना हाकलायला मी टाळ्या वाजवल्या, तर टाळ्यांनी बाकीचेही उडाले. दोन मिनिटांत गच्ची रिकामी. मी नुसता 'या, या' म्हणत होतो. मला त्यांना बोलवायचं कसं तेच माहीत नव्हतं. ती पिवळी मला अजून दिसते, आई."

मला राग यायला हवा होता. पहिल्यापेक्षा जास्त यायला हवा होता, कारण हेतू मला वाटला होता त्याहून वाईट निघाला. पण आला नाही. तीन वर्षे मी या बोलण्याची वाट पाहत होते, आणि त्यासाठी त्याची नोकरी जावी लागली याचेच मला वाईट वाटले. मी खाली जाऊन ९ जानेवारी २००६ चा कागद आणला आणि त्याला वाचायला दिला. त्याने सगळा वाचला.

"यात मला काहीच नव्हतं?"

"नव्हतं."

"बरोबर होतं," तो म्हणाला. मी कागद परत घेतला आणि त्याच्यासमोर फाडला. मग त्याला सांगितले, "उद्या एकटा येऊ नकोस. आज घरी जाऊन सोनालीला सांग आणि उद्या दोघं या."

दुसऱ्या दिवशी दोघे आले. सोनालीचे डोळे सुजलेले होते, पण ती नोकरीबद्दल एक शब्द बोलली नाही. म्हणाली, "आई, अकरा दिवस मी सहाला उठून डबा करत होते, आणि हा इथे दहा मिनिटांवर बसून खात होता. मला आधी सांगितलं असतं तर मी तरी आठपर्यंत झोपले असते." मग आम्ही तिघे वर गेलो आणि तिघांनी मिळून मडकी बदलली. पाच महिन्यांनी संजयला दुसरी नोकरी लागली. तेव्हापासून आजवर तो रोज सकाळी साडेसहाला येतो, पक्ष्यांचे करतो आणि मग ऑफिसला जातो.

कलम ९. खराडीचे घर, जागेसह, संजय आणि कल्याणी यांस निम्मे-निम्मे. पोस्टात आणि बँकेत जे असेल तेही तसेच. माझी इच्छा अशी की मी जाईन त्या दिवशी मडक्यात जे सर्वांत लहान पिल्लू असेल, ते आपल्या मरणाने मरेपर्यंत घर विकू नये. बजरीगर नीट सांभाळला तर सात-आठ वर्षे जगतो. अशी अट कोर्टात टिकणार नाही असे वकीलसाहेब म्हणतात, म्हणून ही विनंती समजावी. तोपर्यंत बिल्डर आल्यास पाणी द्यावे, कागद देऊ नये.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी सोनालीने करावी. हाती घेतलेले काम ती शेवटपर्यंत नेते, आणि तिच्या याद्या चुकत नाहीत. त्याबद्दल माझे शिवणयंत्र तिला. ते चालवायला येत नाही असे ती म्हणेल. शिकावे.

कलम १०. माझा अंत्यविधी आपल्या पद्धतीने, त्रिसरण आणि पंचशील म्हणून करावा. भाषणे दोनच, आणि तीही उन्हात उभे राहून करावीत, म्हणजे लांबणार नाहीत. पिंड, काकबळी वगैरे आपल्याकडे नाहीच. तरी शेजारपाजारचे कोणी सुचवील म्हणून लिहिते की माझ्या नावाने कावळ्यांना काही घालू नये. त्यांनी २००५ साली माझे पोटभर खाल्ले आहे.

कलम ११. इम्तियाजभाईंनी निवड केल्यावर उरलेले सर्व पक्षी, अंडी, मडकी, जाळीची खोली आणि दाण्यांचे डबे माझा मुलगा संजय यास द्यावेत. जोड्यांपेक्षा मडकी नेहमी दोन जास्त ठेवावीत, नाहीतर माद्या भांडतात. वाऱ्याच्या बाजूला गोणपाट लावावे. खायला समुद्रफेस कायम टांगलेला असावा. हे सगळे त्याला माहीत आहे. कागद पुरा व्हावा म्हणून लिहिले. अट कोणतीही नाही.

हे कलम लिहून दाखवले तेव्हा वकीलसाहेबांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, मुलगी प्राणिशास्त्र शिकवते. मोमीन आयुष्यभर हाच धंदा करत आले. आणि आपण पक्षी, ज्याने सोडले त्यालाच देताय?"

मी म्हणाले, "दार उघडल्यावर पुढे काय होतं, हे आमच्यापैकी त्याने एकट्यानेच पाहिलं आहे. तो आता उघडं टाकणार नाही."

हा कागद मी आज सकाळी गच्चीवर बसून, दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला आणि मग खाली सही केली.

स्थळ: खराडी, पुणे
दिनांक: २० नोव्हेंबर २०१०, शनिवार

(सही) वेणूबाई संभाजी भालेराव

साक्षीदार. वर नाव असलेल्या बाईंनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली आणि आम्ही त्यांच्या डोळ्यांदेखत केली:

१. (सही) हिंदुराव जाचक, शेजारी, खराडी
२. (सही) डॉ. राधा पानसे, खराडी